रुग्णांच्या रक्तनमुन्यांवर पीएचडी: पहिल्या वर्षाचे गणित

शिंपला

जेआरएफ (सुरुवातीची संशोधन फेलोशिप) मिळाली, गाईड (मार्गदर्शक) ठरले, विषय रुग्णांच्या रक्तावर काम करण्याचा. पुढे काय आणि कोणत्या क्रमाने, हा प्रश्न दर प्रवेशाच्या वेळी येतो आणि उत्तरे दहा ठिकाणी विखुरतात. ती एकत्र असावीत म्हणून हा धागा. ज्यांना जे नक्की माहीत आहे त्यांनी भर घालावी.

आधी घड्याळ. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीची किमान मुदत ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे, कोर्सवर्क (सुरुवातीला वर्गात शिकायचे विषय) धरून. त्यानंतर पुनर्नोंदणी करून २ वर्षे वाढवता येतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. फेलोशिपचे घड्याळ मात्र वेगळे: जेआरएफची २ वर्षे, मग एसआरएफची (वरिष्ठ फेलोशिपची), एकूण ५. म्हणजे सहावे वर्ष लागले तर ते बहुधा बिनपैशांचे. वेळापत्रक ६ वर्षांचे न आखता साडेचारचे आखा.

रुग्णांच्या नमुन्यांवरचे काम रेंगाळते ते प्रयोग चुकले म्हणून क्वचितच. परवानगी, रुग्ण मिळणे आणि साहित्य येणे या तीन गोष्टींत दीड-दोन वर्षे निघून जातात. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असते आणि पहिले सत्र त्यातच जाते. या सत्रात प्रयोगशाळेत फारसे काम होत नाही, पण कागदपत्रे होऊ शकतात. कोर्सवर्क संपल्यावर एथिक्स कमिटीचा (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचा) अर्ज लिहायला बसणे ही सर्वांत महागडी चूक आहे.

अर्जाचा क्रम असा ठेवा: संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात, मग नमुना-संख्या (किती जणांचे नमुने घ्यायचे), मग प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), मग माहितीपत्रक आणि संमतीपत्र, शेवटी अर्ज. नमुना-संख्या ठरलेली नसताना प्रोटोकॉल लिहिला की कमिटीचा पहिला प्रश्न तोच येतो आणि अर्ज पुढच्या बैठकीवर जातो.

कमिटीबद्दल काही ठोस गोष्टी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तिच्यात ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिक असे सदस्यही असतात. तो सामान्य नागरिक तुमचे मराठी संमतीपत्र अक्षरन् अक्षर वाचतो. तुमची संस्था आणि रुग्णालय वेगळे असेल तर दोन्हीकडच्या कमिट्यांची परवानगी लागते. हे अनेकांना सहा महिन्यांनी कळते. बैठक महिन्या-दोन महिन्यांनी होते, कागद दोन-तीन आठवडे आधी द्यावे लागतात, आणि एकदा तरी शंका येतातच. दोन्ही कमिट्या धरून चार-पाच महिने हिशेबात ठेवा. परदेशी सहकारी किंवा परदेशी निधी असेल तर त्याशिवाय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी. काही औषध, आहार किंवा उपचार देऊन पाहणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीवर) नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

परवानगी मिळाली म्हणजे काम कायमचे झाले असेही नाही. ती बहुधा एका वर्षाची असते. नूतनीकरण विसरले आणि मधल्या दोन महिन्यांत नमुने घेतले, तर ते नमुने वापरता येत नाहीत. तारीख भिंतीवर लावा.

कोरांटी

उपयुक्त धागा. नमुना-संख्येबद्दल कोणी आकड्यांत सांगेल का? बहुतेक प्रबंधांत "प्रत्येक गटात ३०" असे दिसते. हे ३० येतात कुठून?

निळावंती

३० ला आधार नाही. "३० पुढे वितरण सामान्य होते" या अर्धवट वाक्यातून तो आकडा रूढ झाला आहे. संख्या ठरते ती तीन गोष्टींवर: किती फरक पकडायचा आहे, मोजमापात पसारा किती आहे, आणि चुकण्याची किती तयारी आहे.

उदाहरण घेऊ. रुग्ण आणि निरोगी अशा दोन गटांत एखाद्या सायटोकाइनच्या (पेशींमधल्या संदेशवाहक प्रथिनाच्या) सरासरीतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (पसाऱ्याच्या मापाइतका) अपेक्षित आहे. दुहेरी कसोटी (फरक कोणत्याही दिशेने धरणारी), ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता), ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता). प्रत्येक गटात ६४ लागतात. १० टक्के नमुने वाया जातील असे धरून ६४ भागिले ०.९, म्हणजे ७२. एकूण १४४. एकाऐवजी १० सायटोकाइन मोजणार असाल आणि पातळी ०.०५ ऐवजी ०.००५ ठेवली, तर प्रत्येक गटात ११० च्या आसपास जाता. म्हणून "मोजतोच आहोत तर हेही मोजू" म्हणण्याआधी मुख्य मोजमाप एकच ठरवा. बाकीची दुय्यम म्हणून लिहा.

आता हे ७२ रुग्ण येणार कुठून? बाह्यरुग्ण विभागात आठवड्याला ४ पात्र रुग्ण येत असतील आणि निम्म्यांनी होकार दिला, तर आठवड्याला २. ७२ ला ३६ आठवडे. त्यात गणपती, दिवाळी, पावसाळ्यात घटलेली ओपीडी आणि निवासी डॉक्टरांच्या बदलत्या ड्यूट्या धरल्या की वर्ष गेले. "आठवड्याला ४" हा आकडा डॉक्टरांच्या अंदाजावर घेऊ नका. मागच्या तीन महिन्यांचे ओपीडी रजिस्टर रीतसर परवानगीने पाहा, आणि तुमचे निकष लावून खरोखर किती उरतात ते मोजा. डॉक्टरांना आठवतात ते सगळे रुग्ण. स्टेरॉइड घेणारे, मधुमेही आणि गरोदर वगळल्यावर उरलेले नव्हे.

प्रमाण विचलन माहीत नसेल तर दोन वाटा आहेत. त्याच आजारावरच्या प्रकाशित शोधनिबंधातून घ्या, किंवा १०-१२ जणांची प्राथमिक चाचणी करा. दुसऱ्या वाटेलाही एथिक्स कमिटीची परवानगी लागतेच.

जास्वंद

वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाजूने थोडे.

रुग्णालयातला सहकारी कायमस्वरूपी शिक्षक असावा. निवासी डॉक्टर मनापासून मदत करतात, पण त्यांची पोस्टिंग बदलते आणि तीन वर्षांनी ते निघून जातात. शक्य असेल तर एखाद्या निवासी डॉक्टरचा एमडीचा थीसिस तुमच्याच विषयाच्या कडेने जाणारा ठेवा. त्यांनाही थीसिस सक्तीचाच असतो, त्यामुळे नमुने गोळा करण्यात दोघांचा स्वार्थ जुळतो. मात्र कोणता निष्कर्ष कोणाच्या थीसिसमध्ये जाणार, हे सुरुवातीलाच लेखी ठरवा.

लेखकत्वाचेही तसेच. आयसीएमजेईचे (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) चार निकष आहेत: कल्पनेत, विदा (डेटा) मिळवण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि पूर्ण कामाची जबाबदारी. चारही लागतात. नुसते रुग्ण पाठवणारे डॉक्टर आभारात येतात, लेखकांत नाही. पण त्यांना मसुदा वाचायला आणि सुधारायला बोलावलेच नाही, तर ती संधी तुम्हीच हिरावून घेतलीत असे होते. आधी बोलावणे हाच सभ्य मार्ग.

आयसीएमआरच्या चेन्नईच्या राष्ट्रीय रोगपरिस्थितिविज्ञान संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत ऑनलाइन कोर्स आहे. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) सक्तीचा केला आहे. एमएस्सी करून आलेल्यांनीही तो जरूर करावा. अभ्यासाची रचना, नमुना-संख्या आणि नीतिनियम यांचा पाया पक्का होतो.

शिंपला

संमतीपत्राबद्दल राहिले होते. इथे मराठीचा प्रश्न येतो, म्हणून सविस्तर.

इंग्रजी माहितीपत्रक शब्दशः मराठीत आणले की रुग्णाला काही कळत नाही. "यादृच्छिकीकरण" लिहिण्याऐवजी "कोणाला कोणत्या गटात ठेवायचे ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल" असे लिहा. "५ मिलिलिटर शिरारक्त" म्हणजे "हातातून साधारण एक लहान चमचा रक्त". "नमुना भविष्यातील संशोधनासाठी जतन" हे वेगळे वाक्य हवे आणि त्यापुढे होय/नाही असे स्वतंत्र खूण करायचे चौकोन हवेत. रुग्ण आजच्या तपासणीला हो म्हणून जतनाला नाही म्हणू शकतो. हा चौकोन नसेल तर तीन वर्षांनी नवीन कल्पना सुचल्यावर फ्रीजरमधले नमुने वापरता येत नाहीत. जनुकीय चाचणी करणार असाल तर तेही स्पष्ट शब्दांत लिहा.

मराठी मसुदा दुसऱ्या व्यक्तीकडून परत इंग्रजीत करून घेतात आणि मूळ मसुद्याशी ताडून पाहतात. कमिटी हे मागते. मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात हिंदी मसुदाही लागतो. सोलापूर-कोल्हापूरकडे कन्नडही ठेवलेला बरा.

अक्षरओळख नसेल तर अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार हवा. तो संशोधन-गटातला चालत नाही. ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी संमती आणि १२ ते १८ ची लेखी संमती पालकांच्या संमतीखेरीज घ्यावी लागते. सहीची एक प्रत रुग्णाला द्यायची असते. ही प्रत न दिल्याबद्दल शेरा मिळणे फार सामान्य आहे.

सूक्ष्मदर्शी

प्रयोगशाळेच्या बाजूचे लिहितो, कारण परवानगी आल्यावर पहिले दहा नमुने वाया जाणे हे हमखास घडते.

सगळ्यांत आधी स्वतःची हिपॅटायटिस बीची लस. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, मग एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी. ती १० मिलि-युनिट प्रतिमिलि किंवा जास्त हवी. हे वेळापत्रक सात-आठ महिन्यांचे आहे, म्हणून रुजू झाल्याच्या आठवड्यातच पहिला डोस घ्या.

नळीची निवड आधी ठरवा, मागाहून बदलता येत नाही. हेपारिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या चाचणीला) अडथळा करते. डीएनए किंवा आरएनए काढायचे असेल तर ईडीटीए (गोठू न देणारे दुसरे द्रव्य) असलेली नळी. सीरमसाठी (गोठलेल्या रक्तावरच्या द्रवासाठी) साधी नळी खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे उभी ठेवून रक्त गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवा. रक्त काढताना बारीक सुई आणि जोरात ओढलेली सिरिंज यांनी तांबड्या पेशी फुटतात. गुलाबी सीरम अनेक मोजमापांसाठी निकामी. कोणता नमुना बाद करायचा याचा रंगाचा निकष प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा. नाहीतर निकाल पाहून नमुने वगळल्याचा संशय येतो.

एककेंद्रकी पेशी (लिम्फोसाइट, मोनोसाइट अशा पांढऱ्या पेशी) वेगळ्या करायच्या असतील तर रक्त बर्फात आणू नका. खोलीच्या तापमानाला आणा आणि शक्यतो ८ तासांत काम सुरू करा. उशीर झाला की ग्रॅन्युलोसाइट (नको असलेल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) त्याच थरात मिसळतात. रक्तात तितकेच बफर मिसळा. ते १.०७७ घनतेच्या द्रावणावर नळी तिरपी धरून हळूच सोडा. ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोर), ३० मिनिटे, १८ ते २० अंश, यंत्राचा ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळला जातो आणि ३० मिनिटे फुकट जातात. पुण्यात मे महिन्यात "खोलीचे तापमान" ३५ असते. द्रावण तापले की त्याची घनता घटते आणि हव्या त्या पेशीही खाली निसटतात. थेट फ्रीजमधून काढून वापरले तर तांबड्या पेशी नीट खाली बसत नाहीत. दोन्ही टाळा, द्रावण आधी २० अंशांवर आणा.

जी आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) यांची गल्लत फार होते. जी = ०.००००११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. १७ सेंमी त्रिज्येच्या रोटरला (नळ्या बसवायच्या फिरत्या भागाला) ४०० जी साठी साधारण १४५० आरपीएम लागतात, १० सेंमीच्या रोटरला १८९०. दुसऱ्या प्रयोगशाळेतून "१५०० वर फिरवा" असे शिकून आलात आणि तुमचा रोटर १० सेंमीचा असेल तर जेमतेम २५० जी मिळतात. मग थर बसत नाही आणि दोष द्रावणाला जातो.

१ मिलि रक्तातून साधारण १० ते २० लाख पेशी मिळतात. गोठवताना ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी फुटू न देणारे द्रावक), आणि तापमान मिनिटाला १ अंश या गतीने उतरायला हवे. डीएमएसओ घातल्यावर खोलीच्या तापमानात रेंगाळू नका, ते पेशींना विषारी आहे. उणे ८० मधून एक-दोन दिवसांत द्रव नायट्रोजनमध्ये हलवा. कित्येक महिने उणे ८० वर ठेवलेल्या पेशी वितळवल्यावर मेलेल्या निघतात.

ओपीडी ९ ते १, रक्त दोनला हातात, पेशी वेगळ्या करायला तीन तास, मग मोजणे आणि गोठवणे. एका माणसाने दिवसाला सहाहून अधिक नमुने घेऊ नयेत.

शिंपला

वरच्या सूत्रात एक १ गळलेला दिसतो. स्थिरांक ०.००००१११८ असा हवा. खालची उत्तरे बरोबर आहेत.

सूक्ष्मदर्शी

बरोबर, ०.००००१११८. दुरुस्तीबद्दल आभार. वाचणाऱ्यांनी हाच घ्यावा.

एलायझाबद्दल (अँटिबॉडी वापरून प्रथिने मोजण्याच्या चाचणीबद्दल) एक. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये ८ मानके (माहीत प्रमाणाची द्रावणे) दुहेरी लावली की १६ खाचा गेल्या. उरल्या ८०. म्हणजे ४० नमुने दुहेरी. त्यातली एक जागा प्रत्येक प्लेटवर लागणाऱ्या कायम नियंत्रण-नमुन्याला द्या. राहिले ३९. १४४ जणांना ४ प्लेट पुरतात, पाचवी राखीव घ्या आणि सगळ्या एकाच लॉटच्या (एकाच उत्पादन-खेपेच्या) मागवा. सर्व रुग्ण पहिल्या दोन प्लेटवर आणि निरोगी पुढच्या दोनवर असे कधीही लावू नका. मग दिसणारा फरक आजाराचा की प्लेटचा, हे कोणताही संख्याशास्त्रज्ञ सांगू शकत नाही. दोन्ही गट प्रत्येक प्लेटवर मिसळून हवेत.

सीरम २०० मायक्रोलिटरच्या तुकड्यांत गोठवा. एकच मोठी नळी पुन्हापुन्हा वितळवली तर सायटोकाइनचे आकडे बदलतात.

वाटसरू

पैशांचे बोलू. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा, वसतिगृहात राहिल्यास तो मिळत नाही. दोन वर्षांनी एसआरएफ आपोआप होत नाही. बाहेरच्या तज्ज्ञासह तीन जणांची समिती कामाचा आढावा घेते. एथिक्सची परवानगीच दीड वर्षाने आली असेल तर त्या आढाव्यात दाखवायला काही नसते. शिंपला यांनी पहिल्या सत्रावर भर दिला तो यासाठीही महत्त्वाचा.

सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) फेलोशिपबरोबर आकस्मिक खर्चाला वर्षाला २०,००० मिळतात. आयात केलेला एक एलायझा संच सहज त्याहून महाग असतो. म्हणजे काम गाईडच्या प्रकल्प-निधीवरच चालणार. तो प्रकल्प कधी संपतो हे प्रवेशाआधी विचारा. हा प्रश्न विचारण्यात संकोच नको, चांगले गाईड स्वतःच सांगतात. आयातीला दोन-तीन महिने लागतात. मार्चमध्ये वर्ष संपताना खरेदी अडकते, म्हणून मोठ्या मागण्या दिवाळीआधी द्या.

गाईडबद्दल आणखी दोन गोष्टी कागदावर तपासता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरलेल्या गाईडला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आणि शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात. नोंदणीचे आणि पदवीचे वर्ष पाहा. चार विद्यार्थ्यांना सात-सात वर्षे लागली असतील तर तुम्हालाही लागतील असे धरून चला. त्यातल्या दोघांशी प्रत्यक्ष बोला.

पदवी कोणाची मिळणार हेही वेगवेगळे असते. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) एसीएसआयआरची (सीएसआयआरच्या अकादमीची), आयसरमध्ये (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत) आयसरचीच, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात) होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची. नियम, शुल्क आणि सहामाही सादरीकरणाचे वेळापत्रक त्या-त्या विद्यापीठाचे लागते.

निळावंती

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. सगळी उद्दिष्टे ताज्या नमुन्यांवर टांगू नयेत. तीन उद्दिष्टे असतील तर एक असे ठेवा की ज्याला रुग्णाची वाट पाहावी लागत नाही: पेशी-रेषांवरचे (प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या पेशींवरचे) काम, किंवा सार्वजनिक भांडारातल्या जनुक-अभिव्यक्तीच्या विदेचे विश्लेषण. तपासणीनंतर उरलेले, ओळख पुसलेले नमुने वापरायचे असतील तर कमिटी संमतीची अट माफ करू शकते. पण माफी कमिटी देते, आपण गृहीत धरायची नसते. रुग्ण न मिळालेल्या वर्षातही अशा उद्दिष्टामुळे आढाव्यात दाखवायला काम राहते.

शिंपला

मतभेद कसला, हे मूळ पोस्टमध्येच हवे होते. फक्त ते उद्दिष्ट मुख्य प्रश्नाशी जोडलेले असावे. परीक्षक "हे इथे का?" असे विचारतात तेव्हा उत्तर असले पाहिजे.

कोरांटी

प्रकाशनाचे काय? शोधनिबंध सक्तीचा राहिला नाही असे ऐकले.

वाटसरू

२०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंधाची सक्ती नाही. पण विद्यापीठ किंवा संस्था स्वतःची अट ठेवू शकते, तुमच्या संस्थेचे परिपत्रक वाचा. यूजीसीची केअर यादीही (मान्य नियतकालिकांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे नियतकालिक चांगले की पैसे उकळणारे हे ठरवणे आता आपल्यावर आणि गाईडवर आहे. "पाच दिवसांत स्वीकृती" असे आमंत्रण आले की तिथेच थांबा. सक्ती नसली तरी पुढे पोस्टडॉकसाठी पहिल्या लेखकत्वाचा एक भक्कम निबंध लागतोच.

साम्य-तपासणीत (दुसऱ्यांचा मजकूर उतरवला आहे का, या तपासणीत) १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या पुढे नोंदणी रद्द. पद्धतीच्या प्रकरणात साम्य सहज वाढते, कारण सगळे तेच वाक्य उतरवतात. स्वतःच्या रोटरची त्रिज्या, लॉट क्रमांक, वेळ असे तपशील लिहिले की साम्यही घटते आणि दुसऱ्याला प्रयोग करताही येतो.

 

कोरांटी

शेवटचा प्रश्न. निरोगी गट कुठून घ्यावा? प्रयोगशाळेतले विद्यार्थी सहज तयार होतात.

जास्वंद

सहज मिळतात म्हणूनच घेऊ नका. रुग्ण पंचावन्नचे आणि निरोगी पंचविशीतले असतील तर तुम्ही वयाचा फरक मोजता. शिवाय गाईडच्या हाताखालच्या विद्यार्थ्याला नाही म्हणणे अवघड असते, त्यामुळे कमिटी अशा संमतीकडे संशयाने पाहते.

रुग्णासोबत आलेले नातेवाईक हा चांगला स्रोत आहे: वय, गाव, आहार बरेच जुळते. सख्ख्या भावंडांत जनुकीय साम्य असते, म्हणून जनुकीय अभ्यासात नवरा-बायको बरे. पण मग लिंग उलटे होते, तेव्हा दोन्ही गटांत स्त्री-पुरुषांचे एकूण प्रमाण जुळवा. वय ५ वर्षांच्या आत, आणि रक्त त्याच वेळेला, त्याच नळीत, त्याच माणसाने काढलेले. रुग्णांचे सकाळी उपाशीपोटी आणि नातेवाईकांचे दुपारी जेवणानंतर, असे झाले तर सगळी जुळवाजुळव वाया. नातेवाईकांसाठी संमतीपत्र वेगळे लागते. ते पहिल्याच अर्जात जोडा, नाहीतर फक्त त्यासाठी पुन्हा एका बैठकीची वाट पाहावी लागते.